बरणीवरची मॅटी

मॅटी गिंगरिच आमच्याच रस्त्यावर, ओढ्यापलीकडे राहते. आमिश पंथाची माणसं स्वतःची मोटारगाडी ठेवत नाहीत, त्यामुळे घोडागाडीच्या टप्प्याबाहेर जायचं झालं की त्यांना माझी व्हॅन लागते. शाळेची बस चालवायची सोडल्यापासून मी हाच धंदा धरला आहे. मॅटीचा गुडघा वाकत नाही, म्हणून ती नेहमी पुढे माझ्या शेजारी बसते. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे, ते बहुतेक होम्स काउंटीतले चढउतार पार करतानाच कानावर पडलेलं आहे.

तिचा नवरा ॲटली तरुणपणी लाकडाच्या गिरणीत कामाला होता. एकदा ओंडका घसरला आणि त्याची पाठ कायमची गेली. पोरं लहान होती. मॅटी हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागली, आणि पहिला हिवाळा सरायच्या आत तिला शेगडीपाशी उभं केलं. मग ती तिथून हलली नाही. सकाळचा नाश्ता सगळा तिच्याकडे. मक्याचं पीठ शिजवून, थापून, गार करून कापलेल्या वड्या लोखंडी तव्यावर तळायच्या. त्याला आमच्याकडे मश म्हणतात. एका हाताने मश उलटायचं, दुसऱ्या हाताने सॉसेजचा पांढरा रस्सा ढवळायचा. पहाटे मागच्या दाराने आत, दुपारी मागच्याच दाराने बाहेर. गेल्या पानगळीत गुडघ्यामुळे डॉक्टरांनी तिचं उभं राहणं बंद केलं, तेव्हा तिने ॲप्रन धुऊन, इस्त्री करून परत दिला आणि घरी आली.

वसंतात तिचा वाढदिवस आला. मुलगा लॅव्हर्न आणि मुलगी एस्टा, दोघांनी मिळून बेत ठरवला.

"मॅम, त्या दिवशी आपण सगळे तुझ्या हॉटेलातच नाश्त्याला जाऊ," एस्टा म्हणाली. आमिश पोरं आईला मॅम आणि बापाला डॅट म्हणतात. एस्टा शाळेत शिकवते, बोलण्यात कोणाला हार जात नाही. "इतकी वर्षं तू वाढलंस, आता तुला कोणीतरी वाढू दे."

"घरच्या टेबलाला काय झालंय?"

"घरच्या टेबलावर तू बसत नाहीस."

ते खरंच होतं. तेव्हा शनिवारी सकाळी मी त्यांना घेऊन निघालो. मॅटी, ॲटली, एस्टा, लॅव्हर्न आणि त्याची बायको क्लॅरा. मलाही टेबलावर बसायचं, असं लॅव्हर्नने आधीच बजावलं होतं.

मी व्हॅन लावेपर्यंत मॅटी इमारतीला वळसा घालून कचऱ्याच्या पिंपांकडे चालायला लागली होती.

"मॅम, इकडे," क्लॅराने हाक मारली.

मॅटी थांबली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि परत आली. पुढच्या ओसरीवर झुलत्या खुर्च्यांची रांग होती, त्यांत शहरातली माणसं नंबर लागायची वाट बघत झुलत बसली होती. मॅटीने त्यांच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "हे सगळं कधी बांधलं?" तिने मला विचारलं.

"तू होतीस तेव्हाच, मॅटी."

तिला ते पटलं नाही.

आत टेबलावर बसल्यावर तिने मेनू दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ वाचत राहिली. वाढणारी मुलगी आमिशच होती, पण नवीन, मॅटीला न ओळखणारी. तिने दोनदा विचारलं, "काय आणू?"

"आत किती माणसं आहेत?" मॅटी म्हणाली.

"कुठे आत?"

"तव्यावर."

"मॅम, तू तुझं सांग," लॅव्हर्न म्हणाला.

"मग अंडी फेटूनच दे. शनिवारी अख्खी मागितली की त्यांची फार धांदल होते."

"अगं, तुला काय आवडतं ते सांग ना," एस्टा म्हणाली.

मॅटीने चश्मा नाकावर वर ढकलला. "मला तेच कळत नाहीये," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. शेवटी ॲटलीनेच तिच्यासाठी अंडी, मश आणि दालचिनीचा गोड रोल मागवला. नाश्ता आला. तिने मश चाखलं, आणि पुढे सगळं संपवलं. स्वयंपाकघराचं झुलतं दार उघडलं की तिची मान आपोआप तिकडे वळायची. मध्येच तिने रिकाम्या ताटल्या एकावर एक रचल्या, आणि एस्टाने त्या परत वेगळ्या केल्या.

खरा घोळ झाला तो नंतर, दुकानात. हॉटेलातून बाहेर पडायची वाट दुकानातूनच आहे. गोधड्या, लाकडी खेळणी, मधाच्या बाटल्या, लोणची. मॅटीने ते दुकान कधी पाहिलं नव्हतं. क्लॅराने एका फळीपुढे उभं राहून नवऱ्याला बोलावलं, मग एस्टाला, आणि मग सगळेच तिथे जमलो.

फळीवर सफरचंदाच्या मुरांब्याच्या बरण्या होत्या. सफरचंदं तासन् तास आटवून काळपट, दाट करतात तो, पावाला लावायचा. प्रत्येक बरणीवर लिहिलेलं होतं, "मॅटी आजीचा मुरांबा." खाली चित्र होतं. पांढरी टोपी, गोल चश्मा, हनुवटीला खळी असलेली म्हातारी बाई.

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं आणि मग मॅटीकडे. मॅटीच्या हनुवटीला खळी आहे.

"ही तूच आहेस," क्लॅरा हळूच म्हणाली.

"मी इथे मुरांबा कधी केलाच नाही," मॅटी म्हणाली. "माझ्याकडे मश होतं."

लॅव्हर्नचा चेहरा उतरला होता. "चित्र काढू देणं आपल्यात चालत नाही, मॅम. आणि ते असं दुकानात, फळीवर? बिशपच्या कानावर गेलं तर?"

"तिने कुठे काढू दिलंय?" एस्टा म्हणाली. "काढणाऱ्याने विचारायला नको?"

"पण लोक काय म्हणतील? गिंगरिचांची मॅटी मोठी झाली, बरणीवर बसली."

ॲटलीने बरणी उचलून उजेडात धरली. त्याला घाई कसलीच नसते. "खळी तिची आहे," तो म्हणाला. "नाक मात्र तिचं नाही. हे नाक माझ्या बहिणीच्या वळणाचं आहे."

"डॅट, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय? तू बघ की."

एवढ्यात क्लीव्हलंडकडून आलेली एक बाई, हातात तशीच बरणी घेऊन, आमच्याजवळ आली. तिने बरणीकडे पाहिलं, मॅटीकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "तुम्हीच का त्या?"

मॅटीने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मॅटी खोटं बोलत नाही, आणि खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं.

"माझं नाव मॅटी आहे," ती म्हणाली. "आणि मी आजी आहे."

त्या बाईला तेवढं पुरलं. दरवर्षी आईसाठी ही बरणी नेते, आई आता दुसरं फारसं काही खात नाही, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "किती वेळ शिजवता हो?"

"मुरांबा दिवसभर लागतो," मॅटी म्हणाली. "सोडून गेलात तर करपतो."

बाईने फोन वर केला तसा मॅटीने चेहरा वळवला. बाईने माफी मागितली, फोन पर्समध्ये ठेवला आणि काही कळायच्या आत मॅटीला मिठी मारून ती निघून गेली. मॅटी हात लोंबते ठेवून तशीच उभी. तिचे कान लाल झाले होते. आणि मी खरं तेच सांगतो, ती थोडीशी हसतही होती.

लॅव्हर्नने व्यवस्थापक ग्लेनला बोलावून आणलं. ग्लेन मेनोनाइट, म्हणजे आमिशांच्या जवळच्याच पंथाचा, भला माणूस. मॅटीला बघून त्याला मनापासून आनंद झाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला.

"ही? ही तू नाहीस, मॅटी. मुरांबा दुसरीकडे तयार होतो, बरणीही तिकडूनच येते. त्यांच्या माणसाने नावं सुचवली होती, फॅनी, मॅटी आणि आणखी काहीतरी. आम्हाला मॅटी बरं वाटलं. चित्र असंच, मनाने काढलेलं आहे."

"म्हणजे कोणाचंच नाही?"

"कोणाचंच नाही."

लॅव्हर्नने मोठा सुस्कारा टाकला. "बरं झालं," तो दोनदा म्हणाला. ॲटलीने तरी एक बरणी घेतलीच.

परतताना मागच्या सीटवर सगळे मोकळेपणाने बोलत होते. मॅटी खिडकीबाहेर बघत होती. चीज कारखान्याच्या वळणावर ती अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "डेल, ती मी नाही, हे चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं."

"मग मला वाईट का वाटलं?"

मी आरशात पाहिलं, मागे सगळे अजून बोलतच होते. 

त्यानंतरचे काही आठवडे ती त्याच घोळात होती. गुडघ्याच्या दवाखान्यात नेताना दर खेपेला काहीतरी नवीन निघायचं. चित्र तिचं असतं तर तो गर्व, नाही म्हणून वाईट वाटलं तर तो कोणता? त्या बाईला जे सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा, मग बाई खोटं घेऊन कशी गेली? आणि मिठी कोणाची होती, तिची की त्या कोणीच नसलेल्या बाईची? "सांग ना," ती म्हणायची, आणि मी गिअर बदलायचो. एकदा येताना तिने त्यांच्या चर्चची शिस्त बघणाऱ्या डीकन मोझेस निसलीच्या घरापाशी व्हॅन थांबवायला लावली.

मोझेसने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली आणि मॅटीचं सगळं बोलणं दाढी कुरवाळत ऐकलं. 

"चित्र तुझं नाही," तो म्हणाला. "नाव तुझं एकटीचं नाही. मग चर्चपुढे कबुली कशाची द्यायची म्हणतेस?"

"तेच विचारायला आले."

"मलाही नीट कळत नाहीये."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सगळं ऐकत असलेली त्याची बायको बाहेर आली. तिचंही नाव मॅटीच. हातात घड्या घालायचे कपडे होते, ते तिने टेबलावर ठेवले.

"ती बरणी माझ्या नणंदेने मला ख्रिसमसला आणून दाखवली," ती म्हणाली. "तेव्हापासून मी घाबरून बसलेय. मला वाटलं, मीच ती. हे बघ, नाक."

मोझेसने बायकोकडे पाहिलं. "तू मला बोलली नाहीस?"

"तू डीकन आहेस. तुला कशी बोलू?"

मॅटी गिंगरिच खुर्चीतून उठली, तिच्याजवळ गेली आणि तिने खरोखरच ते नाक नीट निरखलं. "नाक तुझंच आहे," ती म्हणाली. "खळी माझी."

"तुला मिठी तरी मिळाली. मला कोणीच मारली नाही."

आधी मोझेसची बायको हसली, मग मॅटी हसली, आणि दोघींना हसू आवरेना. मोझेस दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याने निवाडा दिला नाही. प्रार्थना कर, आणि कॉफी गार होतेय, एवढंच म्हणाला.

आता दर गुरुवारी मी मॅटीला तिथे सोडतो. दोघी मिळून गोधडी शिवतात. परवा मी विचारलं, "काय, झाला का उलगडा?"

"नाही," मॅटी म्हणाली. "तिलाही नाही झाला." आणि तिने सीटचा पट्टा ओढून घेतला.