वायर काढल्यावर

माठ घेताना मी टिचकी मारून बघते, तशी परवा दुकानात एका छोट्या गिटारवरही मारली. मोठी गिटार माझ्या कवेत मावत नाही, खांदा भरून येतो. ही लहानगीही जमली नाही, तर साठीनंतर हौसेनं धरलेलं शिकणं सुटणारच. दुकानदारानं स्पीकरची वायर जोडून तार छेडली नि दुकान दणाणलं. एवढ्याशा पोटातून एवढा आवाज? मला काही पटेना.

“अहो, वायर काढून वाजवा बघू.”

“आजी, मग आवाज बारीक येईल.”

“येऊ दे. माणूससुद्धा माईक काढल्यावरच कळतो.”

मग मीच ती पोटाशी धरून वाजवली. आवाज बारीकच होता, पण माझ्या बरगड्यांत घुमला. संशय अजून गेलेला नाही. हातातून मात्र ती सुटेना.