साखऱ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी एखादी गोष्ट सांगितली नाही, यावर मुरबाडपासून शहापूरपर्यंत कुणाचा विश्वास बसायचा नाही. बारसं असो की साखरपुडा, जेवणं आटोपली की मला खुर्ची मिळते. मी कोंबडा होतो, सरपंच होतो, रुसलेली विहीण होतो. मग कुणीतरी म्हणतंच — नाना, ती जिलबीची सांगा.

जिलबीची गोष्ट अशी : माझी वैजू, नऊ वर्षांची, साखरेची पेशंट, म्हशाच्या जत्रेत चोरून जिलबी खायला गेली आणि कढईसमोरच आडवी झाली. हलवाई झारा टाकून पळाला. पोरगी बेशुद्ध, पण दात असे आवळलेले की जिलबी सुटेना! इथे मी दात आवळून दाखवतो. लोक पोट धरून हसतात.

यातला हलवाई तेवढा खरा. बाकी —

वैजूला सातव्या वर्षी आजार निघाला. रोज सुई. ती रडायची. मग मी काय केलं? साखऱ्या जन्माला घातला. काळा, चिकट, मुंग्यांच्या दाढीचा राक्षस. गुळात राहतो, पेढ्यात राहतो, तोंड उघडलं की आत शिरतो. आणि सुई म्हणजे माझा बाण. रोज टॉवेलचा फेटा बांधून मी बाण मारायचो. वैजू रडायची थांबली. शेजारची पोरं बघायला यायची. कुणाला आवडणार नाही हे?

दवाखान्यातली सिस्टर मात्र हसली नाही. म्हणाली, सुई आता पोरीच्या हातात द्या, मी शिकवते. आणि एक चिठ्ठी दिली — मोठ्या अक्षरात, वैजूला वाचता यावी म्हणून. सुई घेऊन खाणं कमी पडलं, हातपाय थरथरले, घाम सुटला, तर लगेच साखर खायची. तेव्हा साखर हेच औषध.

ती चिठ्ठी मी वैजूला दिली नाही. विसरलो? नाही. राक्षसच औषध झाला तर माझ्या गोष्टीत उरलं काय? आणि सुई तिच्या हातात गेली, तर फेटा बांधून मी करायचं काय? तिने दोनदा विचारलं, मी मारू का बाण? तुला नाय जमायचं, म्हणालो.

जत्रेला ती माझ्या बहिणीबरोबर, कमळबरोबर गेली. सकाळी मी बाण मारला होता. निघायच्या घाईत तिने भाकरी अर्धीच खाल्ली. दुपारी ती थरथरायला लागली, फ्रॉक घामाने भिजला. पोरगी भुकेली असेल म्हणून कमळने जिलबी तिच्या तोंडाशी धरली. वैजूने दात आवळले.

"नको गो आत्या, साखऱ्या आत जाईल."

मग ती पडली.

दवाखान्यात सलाइनमधून साखर गेली तेव्हा तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी मला विचारलं, हिला काही सांगितलं नव्हतं का?

"सांगितलंय की सगळं," मी म्हणालो. "ऐकत नाय पोरगी."

वैजू ऐकत होती. मी नक्की काय सांगितलं होतं, ते ती आठवत असावी — बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "चुकलं माझं, बाबा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माफ केल्यासारखा.

जिलबीची गोष्ट त्याच आठवड्यात तयार झाली.

आता वैजू तेवीस वर्षांची आहे. मी घरात नसताना ती त्या सिस्टरकडे जाऊन सुई शिकली. साखरेचंही शिकली. म्हणजे तिला माहीत आहे — केव्हापासून, ते मी कधी विचारलं नाही. परवा शेणवे गावातल्या एका लग्नात ती समोरच बसली होती. मी दात आवळून दाखवले. लोक हसले. तीही हसली.

घरी आल्यावर तिला थरथर सुटली. तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. मी घरात असलो की ती साखर अशीच खाते.