झाड नंबर एकशे चौदा

दगडूचा जीव अडकला होता तो लालबागजवळच्या मोठ्या बागेतल्या मल्लखांबात. बायको मालन वैतागून म्हणायची, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलंत का? त्या खांबाला मात्र रोज एरंडेल!" खोटं नव्हतं. गिरणीत कामाला होता तेव्हाही आणि गिरणी जाऊन तिथे टॉवर उभा राहिला तेव्हाही, संध्याकाळी पाचला दगडू खांबापाशी हजर. बागेत कोणी फेऱ्या मारतं, कोणी हास्यक्लबात हाहा करतं, पेन्शनर कट्ट्यावर राजकारण चघळतात. हा बहात्तर वर्षांचा म्हातारा चाळीतल्या पोरींना उलटं लटकायला शिकवतो. तेही फुकट.

पावसाळ्यात खांब भिजू नये म्हणून तो वर गोणपाट गुंडाळायचा. गेल्या वर्षी कुंपणावरची मधुमालती त्या गोणपाटावर चढली. असू दे, शोभा येते, म्हणून त्याने ती काढली नाही. नेमकी तेव्हाच बागेतली झाडं मोजायला माणसं आली. धो धो पाऊस, छत्र्या उलट्या झालेल्या. त्यांना हिरवं दिसलं, खाली लाकूड दिसलं. गोणपाट सरकलं होतं तिथे पांढऱ्या रंगात ११४ आकडा टाकून बिचारे मोकळे झाले.

गणपती झाल्यावर गोणपाट सोडलं आणि दगडूचं टाळकंच सटकलं. "माझ्या खांबाक रंग कोणी लावल्यान?" दोन तास थिनरने घासून त्याने आकडा साफ काढला, वर तेल चोळलं, तेव्हा कुठे शांत झाला.

डिसेंबरात बागेचं नवं काम निघालं. जॉगिंग ट्रॅक, रंगीत दिवे, काय काय! ट्रॅक नेमका खांबावरून जाणार होता. मुकादम म्हणाला, "काका, नंबरवाल्या झाडाला हात लावायचा नाही अशी ऑर्डर आहे. ट्रॅक वळवतो आम्ही. बाकी सगळं सोमवारी उखडायचं."

दगडूने कपाळावर हात मारला. अरे देवा! आयता आलेला नंबर आपणच घासून काढला! दोन दिवस तो नुसता खांबाभोवती फिरत राहिला. मालनला सांगायचीही लाज वाटली. शेवटी त्याने जुन्या शिष्येला, अनुजाला फोन केला. ती आता एका वकिलाकडे कामाला होती.

"काका, आकडा खांबावरून गेला, यादीतून थोडाच गेला?" अनुजा म्हणाली. "तुम्ही सोमवारी खांब सोडून हलू नका."

सोमवारी दगडू सकाळी सहालाच खांबाला पाठ लावून बसला. नऊ वाजता माणसं पहारी घेऊन आली. "काका, उठा ना," मुकादम विनवत होता. दगडू कसला उठतोय! दहाला अनुजा धापा टाकत आली. हातात झाडांच्या यादीची प्रत आणि मागे बागेचे साहेब.

साहेबांनी मोठ्याने वाचलं, "एकशे चौदा. साग. उंची साडेआठ फूट. वेल चढलेला." मग खांबाकडे बघितलं. पुन्हा यादीकडे बघितलं. हसू दाबताना त्यांच्या मिशा थरथरल्या.

"काका, यावरचा नंबर कुठे गेला?"

"मीच पुसलाय, साहेब," दगडू मान खाली घालून म्हणाला. "चूक झाली."

"लाकूड सागाचंच ना?"

"अस्सल साग! स्वतः बघून आणलाय."

"मग यादी बरोबर आहे. मुकादम, ट्रॅक वळवा. आणि काकांना ब्रश द्या."

दगडूने ब्रश हातात घेतला. डोळे घळाघळा वाहायला लागले, नि पुसायचंही भान राहिलं नाही. त्याने खांबाच्या बुडाशी ठसठशीत ११४ काढला. रंग वाळेपर्यंत कोणाला जवळ फिरकू दिलं नाही.

संध्याकाळी पोरी आल्या. सात वर्षांची ऋता आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हे झाड आहे?"

"झाडच आसा गो," दगडू म्हणाला. "पानां तेवढी येवची आसत. चल, चढ वर."

ती सरसर चढली. तिच्या पाठोपाठ दुसरीही चढली.