टोमॅटोकाका आणि वहिनींचा रस्सा

कारखान्याच्या भांडारातून काका निवृत्त झाले, पण माल तपासायची खोड काही निवृत्त झाली नाही. आता सगळी तपासणी टोमॅटोवर यायची. एकेक उचलायचा, देठाकडून वास घ्यायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा आणि नापासांना बाजूला सारायचं. भाजीवाला काही बोलत नसे. तोवर त्याची चार गिऱ्हाइकं होऊन जात. "टोमॅटोकाका" हे नाव त्यानेच ठेवलं. काकांना ती पदवी वाटे.

बायकोच्या हातचा बटाट्याचा रस्सा म्हणजे काकांचा जीव की प्राण. पाहुण्यांसमोर ते तिचं तोंडभरून कौतुक करत आणि लगेच वर म्हणत, "अर्थात, टोमॅटो मी आणतो." ती हसून पुन्हा वाढायची. मग एक दिवस ती गेली आणि तिच्यामागोमाग रस्साही गेला. स्वयंपाकाला एक बाई आली, ती गेली. दुसरी आली, तीही गेली. टोमॅटो तेच, निवडणारा तोच, पण रस्सा काही केल्या जमेना. तो घास पुन्हा एकदा तोंडात पडावा, एवढंच काकांचं मागणं उरलं होतं. रोज पहिल्या घासाला ते डोळे मिटत, आणि उघडत तेव्हा चेहरा पडलेला असे. नाक मुरडून म्हणत, "हल्लीच्या बायकांना टोमॅटो शिजवता येत नाही."

त्या दिवशी काकांचा पाय मुरगळलेला, घरात टोमॅटो नावाला नाही. नव्या स्वयंपाकाच्या ताई शेजारी उसने मागायला गेल्या आणि बऱ्याच वेळाने हात हलवत परत आल्या. काका बाहेरच्या खोलीत पाय वर करून बसलेले. आत काय शिजतंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

पहिला घास घेतला आणि काकांचे डोळे मिटलेलेच राहिले. हाच तो रस्सा! डोळे उघडले, तशी जुनी खोडही जागी झाली. "बघा ताई, टोमॅटो पारखून आणला की असं होतं."

"काका, टोमॅटो कुठला? तो तर संपलाय." ताईंनी सरळ सांगून टाकलं. "उकडलेला लाल भोपळा, चिंचेचा कोळ आणि रंगाला बिटाची फोड. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुमच्या घरी असाच व्हायचा म्हणून."

काकांनी शेजारणीला बोलावून घेतलं. ती आली ती पदराला हात पुसतच.

"भाऊजी, रागावू नका. लग्न झाल्या झाल्या वहिनींनी तुमच्या टोमॅटोचा रस्सा केला, तर तुम्ही ताट सरकवलंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हा केला. तुम्ही बोटं चाटलीत आणि म्हणालात, 'आज टोमॅटो मी पारखून आणलेत ना!' झालं, मग रोजच हा."

"आणि मी आणायचो ते?"

"ते आमच्याकडे. आमची पोरं त्यावरच तर वाढली." ती ओशाळून हसली. "मी म्हणायचे, सांगून टाका एकदा. तर वहिनी म्हणायच्या, 'पिशवी घेऊन केवढ्या ऐटीत येतात, कशाला हिरमुसलं करायचं?'"

काकांना संताप आला; पण तो काढायचा कुणावर? जिच्यावर काढायचा ती भिंतीवर, फोटोत. तिथेही हसतच होती. एवढ्या वर्षांत आपल्या हातून त्या स्वयंपाकघरात एकही कामाची वस्तू गेली नाही, या विचाराने ते पार खचले. काहीतरी गेलं असेल, निदान तिच्या आवडीचं तरी, म्हणून ते आठवू लागले. आठवेना. शेवटी शेजारणीलाच विचारलं, "तिला... तिला स्वतःला काय आवडायचं?"

इतका वेळ बडबडणारी शेजारीण घुटमळली.

"पपई," ती म्हणाली. "टोमॅटो द्यायला आल्या की आमच्याकडे बसून खायच्या. मी आणून ठेवायचे त्यांच्यासाठी."

भाजीवाल्याकडे पपया टोमॅटोच्या शेजारच्याच टोपलीत असत. त्यांच्यावर ओणवं होऊनच काका रोज टोमॅटो निवडत.