दह्यातली कॅप्सूल

शहजादीच्या हातचं खाल्लं की गुण येतो, असं लातूरच्या त्या गल्लीत सगळे म्हणायचे. गुण कशाचा, ते फक्त तिला ठाऊक होतं. ती औषध जेवणात लपवायची. मुलगा फरहान लहान होता तेव्हा जंताचं औषध केळ्यात, सासूची बीपीची गोळी कुटून मटणाच्या दालच्यात. मी जन्मात गोळीला शिवले नाही, असं सासू मरेपर्यंत फुशारकीनं सांगत राहिली. ही रीत नांदेडच्या माहेरची. औषध कळलं की माणूस भांडतो, न कळलं की बरा होतो, असं तिची आई म्हणायची. शहजादीनं ते इतकं मनावर घेतलं की आपण काय गिळतोय, याचा घरात तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

नवरा पाशामियाँ गंजगोलाईच्या बाजारामागं गाद्या भरायचा. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात वाकून काम, आणि पोटात कायमची आग. रोज सकाळी रिकाम्या पोटी पित्ताची कॅप्सूल, वर कडक चहा, असं किती वर्षं चाललं होतं. अखेर डॉक्टर म्हणाले, पोटात जंतू असावा, तोच जखम करतो. तोंडातून दुर्बीण घालून बघता येईल, एवढं ऐकलं आणि पाशामियाँ पायानं चपला शोधायला लागला.

"बसा चाचा," डॉक्टर म्हणाले. "संडास तपासून पण कळतंय. नळी न्हाई, सुई न्हाई. फक्त त्याच्या आधी पंधरा दिवस पित्ताची गोळी बंद."

लॅबमधल्या धम्मप्रियानं नमुन्याची डबी देताना तेच पुन्हा सांगितलं, तेही शहजादीकडं बघून. "चाची, एक पण गोळी द्यायची न्हाई. गोळीनं जंतू दबून बसतो, मग रिपोर्टात दिसत न्हाई."

शहजादीनं मान हलवली. मान हलवायला काय जातं?

पहिले तीन दिवस पाशामियाँनं दातावर दात दाबून काढले. चौथ्या दिवशी तो दुकानातच गादीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला. डॉक्टरांनी दिलेल्या पातळ औषधानं काही भागेना. "नको ते पंधरा दिवस," शहजादी म्हणाली. "घ्या एक गोळी." तो ऐकेना. शब्द दिलाय म्हणाला. हा माणूस शब्दाचा पक्का, हेच तर तिचं दुखणं होतं.

तिच्यानं बघवेना. पाचव्या दिवशी तिनं मेडिकलमधून कॅप्सूलची पट्टी आणली, एक उघडली आणि आतले बारीक पांढरे दाणे दहीभातात कालवले. तिचा हिशेबही साधा होता. दुखणं वरचं, डबीत जायचं ते खालचं. एवढ्या लांब आतड्यातून जाईपर्यंत गोळीचा काय मागमूस राहणार? वाईट करावं असं तिच्या मनात कणभरही नव्हतं. नवरा तळमळतोय आणि हाताशी उपाय आहे, एवढंच तिला दिसत होतं.

दोन दिवसांत पाशामियाँ उठून बसला. "दह्यानं लई थंड वाटून राहिलं," तो म्हणाला. ती रोज दही लावत गेली, रोज एक कॅप्सूल त्यात उघडत गेली. पंधराव्या दिवशी डबी लॅबमध्ये गेली. रिपोर्ट आला, जंतू नाही. तिनं गल्लीत मलिदा वाटला.

दहा महिन्यांनी पाशामियाँच्या पोटातली जखम फुटली. रातोरात ऑपरेशन झालं. फाटलेलं पोट शिवून सर्जन बाहेर आले. चार दिवसांनी त्यांनी फरहानला सांगितलं, "जखमेचा तुकडा तपासला. जंतूंनी भरलेला होता. आधी सापडला असता तर चौदा दिवसांच्या औषधावर भागलं असतं."

फरहाननं जुना रिपोर्ट काढला. नाकात नळी असलेल्या बापाला विचारलं, "अब्बा, त्या पंधरा दिवसांत गोळी घेतली होती?"

"एक पण न्हाई. खुदाकसम."

शहजादी उशाशी बसली होती. तिनं पदर सारखा केला.

फरहान लॅबमध्ये जाऊन भांडला. डबी बदलली असणार, असं त्यानं चारचौघांत ओरडून सांगितलं. मालकानं धम्मप्रियाला घरी बसवलं. हे सगळं शहजादीच्या कानावर आलं, तरी तिची जीभ उचलेना. तिसऱ्या दिवशी तिला घास जाईना, तेव्हा ती लॅबमध्ये गेली आणि घडलं ते सांगून टाकलं. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या टेबलाशी नवी मुलगी डब्यांवर नावं लिहीत होती. धम्मप्रिया लोहा गावाला माहेरी गेली, एवढंच कळलं.

मग तिनं नवऱ्याला सांगितलं. तो ओरडेल, हात उगारेल, म्हणून ती तयार होती.

"मला वाटलं मी बरा होऊन राहिलो," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आणखी कशाकशात काय काय घातलंस?"

तिनं आठवून बघितलं. तीस वर्षांतलं तिला सगळं आठवेना. तिनं तसंच सांगितलं.

तो घरी आला. पोटावर टाके, अंगात ताकद नाही. दुकान फरहाननं दुसऱ्याला दिलं. तो तिला टाकून बोलत नाही, उलट पूर्वीपेक्षा हळू बोलतो. ती ताट ठेवते. तो भात बोटांनी ताटभर पसरतो, खाली वाकून बघतो आणि हात आवरून बसून राहतो. न सांगता ती त्याच्याच ताटातला एक घास उचलून खाते. तो तिच्या गळ्याकडं बघत असतो. घास खाली उतरला की मग तो जेवायला लागतो.