मरियेच्या हातातलं मेणाचं बाळ

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ती घटना अजून डोक्यातून जात नाही.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, पर्यटकांच्या एका गावात पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक होती. तिथल्या गॉथिक चर्चमध्ये युरोपातून आणलेली मध्ययुगीन मरियेची लाकडी मूर्ती होती. एका सकाळी रखवालदाराचा फोन आला. मरियेच्या हातातला सुटा बाळ येशू चोरीला गेला होता आणि त्या जागी कुणीतरी मेणाचं बाळ ठेवलं होतं. "दहा वाजता मी स्वतः बाळ येशूवरची धूळ पुसली. मग एक इंडियन बाई बाहेर पडताना दिसली," असं सांगून त्याने गाडीचा नंबरही दिला.

माझा सहकारी जादूटोण्याचं बोलू लागला. मी मूळचा वसईचा ख्रिस्ती. हा नवस आहे, हे बघताक्षणी ओळखलं. आजारी मुलासाठी आमच्याकडे मेणाचं बाळ वाहतात. पण नवसापायी माणूस काय करेल याचा नेम नाही, असा शहाणपणा मी केला.

बाई गावातच राहत होती. बॅग भरत असताना आम्ही तिला ताब्यात घेतलं. तीही वसईचीच निघाली.

"अंकल, एक वाजता माझ्या बाळाचं हार्टचं ऑपरेशन आहे. हजबंड सिटीत हॉस्पिटलला एकटा आहे. मला जाऊ द्या."

असे बहाणे मी नोकरीभर ऐकले होते. "आधी बाळ येशू कुठे ते सांग, बाय."

दोन तास तिचं एकच उत्तर होतं, मरियेचे हात रिकामेच होते. "मला वाटलं, इथे नवसासाठीच रिकामे ठेवत असतील. मग तासभर प्रेयर करत बसले. आईला फोटोपण सेंड केला. फोन चेक करा ना."

जमा केलेला फोन मी तेव्हा कुठे तिला उघडायला दिला. फोटोत मरियेच्या हातात मेणाचं बाळ होतं. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं.

मी हबकलो. मग दहा वाजता रखवालदाराने पुसलं तरी काय? पंधरा वर्षांची आमची ओळख, दर नाताळात तो मला केक आणून द्यायचा. समोर बसवल्यावर पाच मिनिटांत रडू लागला. आदल्या संध्याकाळी पुसताना किडीने पोखरलेला लाकडी बाळ येशू त्याच्या हातून पडून फुटला होता. तुकडे त्याच्याच हत्यारांच्या पेटीत निघाले.

सायरन लावून मी तिला हॉस्पिटलला नेलं. बाळाला आत नेऊन तास उलटला होता.

आधी खबर देणाऱ्याला तपासा, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. ओळखीच्या माणसापुढे तेच विसरलो. आणि आपली माणसं मला कळतात या घमेंडीत हॉस्पिटलला एक साधा फोन केला नाही.

बाळ वाचलं. आठवड्याने तिच्या नवऱ्याने कळवलं. मला तिची माफी मागायची होती, म्हणून म्हटलं, तिला फोन दे.

"ती नाही बोलणार, अंकल," तो म्हणाला.