खराटेभाऊंचा सातवा मैल

खराटेभाऊ चालताना कधी मान वर करत नसत. नवखा माणूस त्यांना लाजाळू समजे. मी तर घुमे समजलो होतो. खरं म्हणजे त्यांचं सगळं लक्ष सडकेवर असायचं. धुळीतलं पाऊल, लेंड्या, मोडलेलं गवत बघून ते सहज सांगायचे, "रात्री आपल्याकडे गवे आले होते साहेब. पिल्लू संग होतं." आपल्याकडे म्हणजे सातव्या मैलात. आलापल्लीच्या जंगलातून अहेरीकडे जाणाऱ्या सडकेचा तेवढा एक मैल त्यांच्या हवाली होता. हुद्दा मैलकुलीचा. खड्डे मुरमानं भरायचे, कडेचे चर साफ ठेवायचे, एवढंच काम. हजेरीपटावर त्यांचं नाव सोमा होतं, पण ते नाव हजेरीपटाबाहेर कधी पडलंच नाही.

मी तेव्हा नवा ओव्हरसियर होतो. चांदा शहरात वाढलेला, जंगल नकाशावर हिरव्या रंगात पाहिलेलं. सागाचे लठ्ठे वाहणारे ट्रक नुकतेच वाढले होते आणि सडक अजून बैलगाडीच्या चालीची होती. पहिल्याच फेरीत मला वळणावरची झुडपं कमरेइतकी छाटलेली दिसली. हे कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं. "कोणी नाई," भाऊ म्हणाले. "ट्रकवाल्याले जनावर दिसलं पाह्यजे, अन् जनावराले ट्रक. चितळं इथूनच पाण्याले उतरते साहेब. सडक मागून आली." मला ते आगाऊपणाचं वाटलं. तेवीस वर्षांच्या ओव्हरसियरला पुष्कळ गोष्टी आगाऊपणाच्या वाटतात.

सातव्या मैलाच्या वळणावर दोन्ही बाजूंना मोहाची जुनी झाडं होती. होळीच्या आगेमागे पहाटेपासून त्यांची फुलं टपटप गळायची. ती वेचायला गावातल्या बाया यायच्या, आणि खायला चितळं. झाडाखाली पाचोळा, त्यात फूल सापडत नाही, आणि पाचोळा जाळावा तर जंगलखात्याचा शिपाई पकडतो. सडक मात्र लख्ख. त्यामुळे बाया टोपल्या घेऊन थेट सडकेवर बसायच्या, खाली मान घालून, गाड्यांकडे पाठ करून. आणि लाकडाचे ट्रक निघायची वेळही नेमकी तीच.

म्हणून भाऊ उजाडायच्या आधी खराटा घेऊन हजर असत. झाडांखालचा पाचोळा लोटून जागा साफ करायची, सडकेवरची फुलं तिकडे सारायची, म्हणजे बायांना आणि चितळांना सडकेवर यायचं कामच नाही. सोनाबाई नावाची एक म्हातारी वळणावरच्या तिसऱ्या झाडाखाली बसे. ती म्हणायची, "घरी बायको खराटा हाती देत नाई काय भाऊ, म्हणून सरकारची सडक झाडून राह्यले?" भाऊ खाली बघूनच हसत. तिच्या मडक्यातलं पाणी मीही प्यायलो आहे.

तरी कुणी ना कुणी सडकेवर राहायचंच. अशा दिवशी भाऊ वळणाच्या बऱ्याच अलीकडे पळसाची एक डहाळी सडकेच्या मधोमध आडवी टाकत. डहाळी दिसली की गाडी हळू करायची, नाही दिसली तर रस्ता मोकळा, असं ट्रकवाल्यांशी ठरलेलं होतं. करीमभाई नावाचा ड्रायव्हर तर वळण पार झाल्यावर ट्रक थांबवून त्यांना विडी देई. "माह्या मैलात अजून कोणी मेलं नाई," असं भाऊ मला म्हणाले होते. ही एकच गोष्ट ते मान वर करून बोलले.

मी काय केलं ते आता सांगतो. एका ठेकेदारानं तक्रार केली की मैलकुली रस्त्यात झाडं टाकतो आणि गाड्या अडवतो. मी चौकशीला गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दोन खड्डे तसेच होते, डहाळी सडकेवर होती आणि भाऊ मोहाखाली बसून विडी ओढत होते. शेजारी फुलांची टोपली. ती सोनाबाईची होती हे मी विचारलंच नाही. सरकारी वेळेत मोह वेचतो, असा शेरा मारून मी त्यांची बदली दीड दिवसाच्या चालीवर, प्राणहितेकडच्या सडकेवर केली.

ते वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंधरा रोज थांबा साहेब, मोह सरू द्या. मंग कुठीबी धाडा."

"सरकारी काम मोहासाठी थांबत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं आणि अजून लाज वाटते.

"मंग नव्या माणसाले पळसाच्या डालीचं सांगान ना?"

"सांगतो."

मी सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे, विसरलो. नवा मैलकुली परगावचा होता. त्यानं खड्डे अगदी वेळेवर भरले. सडकेवर फुलांचा सडा पडला तशा बाया सडकेवर आल्या. डहाळी पडायची ती जागा त्यांना वळणापलीकडे दिसत नसे. नवा माणूस टाकत असेल, असं त्या धरून चालल्या. पाचव्या सकाळी करीमभाईचा ट्रक वळणावर आला आणि सोनाबाई गेली.

मी पोचलो तेव्हा करीमभाई चराच्या काठावर बसला होता. "डाल नव्हती साहेब," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "डाल नव्हती, तं मले वाटलं रस्ता खाली हाये." डहाळी कुणामुळे नव्हती हे तिथे मला एकट्यालाच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊ चालत आले. पाय धुळीनं भरलेले. ते मला शिव्या देतील अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती जागा झाडून काढली आणि म्हणाले, "चूक माही हाये. जाच्या आंधी करीमभाईले भेटाले पाह्यजे होतं."

"भाऊ, मी विसरलो," मी म्हणालो.

"माणूस इसरतेच साहेब. म्हणून तं मीच सांगाले पाह्यजे होतं."

मी त्यांना सातव्या मैलावर परत आणलं. पण त्यांनी पुन्हा डहाळी कधी टाकली नाही. मोहाच्या दिवसांत ते स्वतः वळणाअलीकडे हात वर करून उभे राहत, शेवटचा ट्रक जाईपर्यंत. "डाल एखांद्या रोजी राहून जाते," म्हणत. माझ्या मैलात कुणी मेलं नाही, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांनी ऐन मोहात ते तापानं पडले. संध्याकाळी त्यांच्या खोपटात गेलो, तर डोळे मिटलेले होते. माझा आवाज ऐकून विचारलं, "उद्या वळणावर कोण हाये?"

"मी आहे भाऊ."

"इसरान नाई ना?"

पहाटे मी खराटा घेऊन गेलो. पाचोळा लोटला, फुलं सारली. हाताला फोड आले. मग वळणाअलीकडे हात वर करून उभा राहिलो. पहिला ट्रक करीमभाईचाच आला. त्यानं मला पाहिलं आणि ट्रक थांबवला. मग हळू, पायी चालल्यासारखा, वळण पार करून गेला. तिसऱ्या झाडाखाली कुणी बसलं नव्हतं.

शेवटचा ट्रक गेल्यावर मी गावाकडे निघालो, भाऊंना सांगायला. खोपटाबाहेर माणसं जमली होती आणि तिरडीचे बांबू आले होते. मी आत जाऊन त्यांच्यापाशी बसलो. आज कोणाले काही झालं नाई भाऊ, असं त्यांच्याच बोलीत त्यांना सांगितलं.